नानांची तारीख कोणती?

पत्र

मी ग्वाल्हेरला लष्करमध्ये राहते (गावाच्या लष्कर भागात, फौजेत नव्हे). वय ५८. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते तोफखान्यात हवालदार होते आणि डिसेंबर १९७१ मध्ये छंबला (जम्मूकडच्या सरहद्दीवर) बेपत्ता झाले. मी तेव्हा चार वर्षांची होते, भाऊ दीड वर्षाचा. आजी १९८८ मध्ये गेली, आई गेल्या फाल्गुनात. आईनं शेवटपर्यंत कुंकू लावलं. तिच्या ट्रंकेत एक तार, नानांची सात अंतर्देशीय पत्रं आणि पेन्शनचे काही कागद निघाले. नानांनी १९६९ मध्ये स्वतःच्या पैशांनी घेतलेलं घर अजून त्यांच्याच नावावर आहे. नामांतरणाला गेलं की मृत्यूचा दाखला मागतात. भाऊ म्हणतो, "कोर्टात जाऊन नानांना मारणार आहेस का?" गुरुजी विचारतात, तिथी कोणती धरायची, आणि आईचं श्राद्ध नवमीला करायचं का? नाना कैदेत असतील का, हे आईनं कधी मोठ्यानं विचारलं नाही. मला आता विचारावंसं वाटतं. एक काका (वय ८३) आणि एक आत्या आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर

ताई, प्रश्न पाच असले तरी गाठ एकच आहे, तारखेची. कचेरीला तारीख हवी, गुरुजींना तिथी हवी, भावाला कुठलीच नको. खरी तारीख एकदा कळली की सगळं सुटेल असं तुम्ही धरून चालला आहात. ती कदाचित कधीच कळणार नाही, आणि तरीही कामं होतात. फौजेची तारीख वेगळी, कोर्टाची वेगळी, घरची तिथी वेगळी. तिघी जुळायलाच हव्यात असं कुठंही लिहिलेलं नाही. फक्त क्रम पाळा: आधी फौज, मग कोर्ट. तिथीला दोघांचीही वाट पाहायला नको.

आधी ट्रंक. तारेचा कागद लॅमिनेट करू नका, फाटला असेल तर सेलोटेप लावू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षर घेऊन जातो. टाचण्या काढा, प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि यापुढे झेरॉक्स त्या स्कॅनवरूनच काढा. मग तारेतले नेमके शब्द वाचा. नुसतं 'मिसिंग', 'मिसिंग बिलीव्ह्ड किल्ड' आणि 'मिसिंग बिलीव्ह्ड प्रिझनर ऑफ वॉर' हे तीन वेगळे शेरे आहेत. दुसरा शेरा असेल तर कोणीतरी त्यांना पडताना पाहिलं होतं किंवा तसं मानायला आधार होता. तिसरा असेल तर पकडलं गेल्याचा काही धागा होता. शेरा पुढे बदललेलाही असू शकतो, म्हणून तार हा शेवटचा शब्द समजू नका.

पत्रांचे पत्ते '५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) असे असतील. पश्चिम आणि उत्तरेकडच्या फौजेचा तो सर्वसाधारण पत्ता होता, त्यावरून जागा कळत नाही. कळते ती गोल शिक्क्यावरून. त्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. सातही शिक्के भिंगाखाली वाचून तारखेनुसार लावा. शेवटच्या दोन पत्रांचा क्रमांक आधीच्यांपेक्षा वेगळा निघाला, तर युनिट त्या दरम्यान हललं होतं असा अंदाज बांधता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. तो तार नाही, पीपीओ आहे, म्हणजे आईच्या पेन्शनचा मूळ आदेश. आईला पेन्शन मिळत होती याचा अर्थ फौजेनं नानांच्या मृत्यूबद्दल काहीतरी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवताना एक तारीख लिहिली होती. तुम्ही जी शोधताय ती बहुधा घरातच पडलेली आहे. पीपीओवर पेन्शनचा प्रकारही असतो. लढाईत गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी 'लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन' फेब्रुवारी १९७२ च्या आदेशानं आली. आईच्या कागदावर तिच्याऐवजी 'ऑर्डिनरी' असं असेल तर तिला आयुष्यभर कमी मिळालं. त्यासाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे जाता येतं, पण थकबाकी बहुधा तीन वर्षांपुरतीच मंजूर होते. तेव्हा त्या वाटेला खर्चाचा हिशेब करूनच जा. मूळ कागद नसेल तर बँकेच्या पासबुकातून पीपीओ क्रमांक घ्या आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे प्रत मागा. आई गेल्याचं बँकेला आणि 'स्पर्श'ला (फौजेच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेला) अजून कळवलं नसेल तर आजच कळवा. जास्तीची जमा झालेली पेन्शन नंतर वसूल होते.

पीपीओचा क्रमांक हातात आला की रेकॉर्ड ऑफिस. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला आहे. पहिला अर्ज साधाच करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, वारस म्हणून. चार गोष्टी नावानं मागा: बेपत्ता झाल्याची 'पार्ट टू ऑर्डर' (युनिटनं काढलेला नोंदीचा आदेश), चौकशीचा (कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा) निष्कर्ष, मृत्यू गृहीत धरल्याचा आदेश आणि शीट रोलची (नोकरीच्या नोंदपत्राची) प्रत. 'माझ्या वडिलांची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत तर दोन ओळींचं उत्तर येतं. शीट रोल नष्ट झाला असं कळवलं तर 'लाँग रोल'मधली नोंद मागा. ते जुनं रजिस्टर असतं, आणि बाकीची फाइल गेली तरी त्यातली ओळ सापडण्याची शक्यता राहते. पदकांची नोंदही विचारा. पश्चिमेकडे लढलेल्यांना 'पश्चिमी स्टार' मिळाला, त्यामुळे नाना कुठल्या आघाडीवर मोजले गेले ते पक्कं होतं.

अर्ज अडतो तो नेहमी दोन ठिकाणी. एक, नाव. आपल्या मराठी नावाचे तीन तुकडे असतात, आणि फौजेतल्या कारकुनानं मधलं, आजोबांचं नाव आडनाव समजून टाकलेलं असतं. त्यात ग्वाल्हेरला आडनाव हिंदी वळणानं लिहिलं जातं, 'ळ'चा 'ल' होतो, आणि इंग्रजीत गेल्यावर त्याचं आणखी काहीतरी. म्हणून शोध सर्व्हिस नंबरवर करायला सांगा आणि नावाची तीन-चार रूपं अर्जातच द्या. नंबरच्या शेवटचं अक्षर गाळू नका. दुसरं, तुम्ही स्वतः. १९७१ मध्ये तुमचं नाव फौजेच्या कागदात घरच्या नावानं चढलं असेल आणि शाळेत दुसरं, तर मुलगी असल्याचं सिद्ध करणारं शपथपत्र सोबतच जोडा.

दोन महिने उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, अर्ज ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. पहिलं अपील ३० दिवसांत आणि दुसरं, केंद्रीय माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत. 'खासगी माहिती आहे' म्हणून नाकारलं तर कायद्याचं कलम ८(३) दाखवा. २० वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीला ती सबब लागू होत नाही. देशाच्या सुरक्षेची सबब मात्र तरीही लागू राहते, म्हणून प्रश्न नानांपुरता ठेवा, डावपेचांबद्दल विचारू नका.

युनिटची वॉर डायरीही (लढाईतली रोजची नोंदवही) मागून पाहा, पण कोणत्या युनिटची, हा विचार आधी करा. तोफखान्याची सगळी माणसं तोफेजवळ नसतात. निरीक्षण चौकी, ज्याला फौजेत 'ओपी' म्हणतात, ती पायदळाच्या पुढच्या मोर्च्यात असते: एक अधिकारी, त्याचा मदतनीस, वायरलेसवाला. तिथून ते मागच्या तोफांना मारा कुठं करायचा ते सांगतात. नाना अशा टोळीत असतील तर त्यांना शेवटचं पाहणारी माणसं त्यांच्या रेजिमेंटची नव्हतीच, पायदळाच्या पलटणीची होती. चौकशीत त्या पलटणीचं नाव निघालं तर तिचीही डायरी मागा.

शव का मिळालं नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. छंबवर हल्ला ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला. तीन-चार दिवसांच्या झुंजीनंतर आपली फौज मुनव्वर तवी नदीच्या पूर्वेला आली. पश्चिमेकडचा भाग पलीकडे गेला तो गेलाच. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखली गेली, तिच्यातही छंब पलीकडेच राहिलं. जिथं माणसं पडली ती जमीन पुन्हा आपल्या ताब्यात आली नाही. शोधपथक तिथं जाऊ शकलं नाही, यात युनिटची हयगय नव्हती.

आणि कैद. पश्चिम आघाडीवरच्या युद्धकैद्यांची अदलाबदल १ डिसेंबर १९७२ ला झाली. त्यात न परतलेल्यांपैकी काही पाकिस्तानच्या तुरुंगात आहेत असं भारत सरकार मानत आलं. १९७९ मध्ये लोकसभेत ४० नावांची यादी दिली गेली, ती पुढे ५४ झाली. २००७ मध्ये १४ नातेवाइकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन पाहू दिलं, कोणी सापडलं नाही. २०१९ मध्ये सरकारनं संसदेत ८३ बेपत्ता सैनिकांचा आकडा सांगितला, त्यात हे ५४ धरून. पाकिस्तान असे कैदी असल्याचं मान्य करत नाही. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. परराष्ट्र मंत्रालयाला सर्व्हिस नंबर देऊन विचारा की नानांचं नाव त्या ८३ जणांत आहे का. आणि दिल्लीच्या भारतीय रेड क्रॉस मुख्यालयात हरवलेल्या नातलगांच्या शोधाचा अर्ज भरा. पकडलेल्या माणसाचं कार्ड कधी जिनेव्हाला, आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे, पोचलं होतं का, ते तिथून तपासलं जातं. दोन्हीकडून नकार आला तर तोही जपून ठेवा, पुढे कोर्टात लागेल.

यापुढे वर्षातून दोन दिवस पुरेत. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या देतात. त्या दिवशीचं मंत्रालयाचं निवेदन वाचा आणि मिटवून ठेवा. मधल्या काळात 'अमुक तुरुंगात पाहिलं' असं सांगणारा कोणी भेटला तर नानांचा सर्व्हिस नंबर, अंगावरची खूण आणि घरात तुम्हाला कशानं हाक मारायचे, हे त्याला विचारा, स्वतः सांगू नका. पैसे मागितले तर तिथंच थांबा. आमचं मत विचाराल तर नाना हयात असण्याची शक्यता नाहीच्या जवळ आहे. हे तुम्हाला कोणीतरी सरळ सांगायला हवं होतं.

घराकडे येऊ. कारकून एफआयआर मागेल. शांततेच्या काळात हरवलेल्या माणसाला तो लागतो. लढाईत बेपत्ता झालेल्याच्या बाबतीत फौजेचा आदेश दाखवा. तो आणि पीपीओ जोडून नामांतरणाचा अर्ज पुन्हा करा आणि नकार मिळाला तर लेखी घ्या. तोंडी नकारावर दावा उभा राहत नाही, आणि दाव्याची तीन वर्षांची मुदतही कधीपासून मोजायची हा घोळ होतो.

दावा दिवाणी न्यायालयात, मृत्यूच्या घोषणेसाठी. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर जातो. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं १११. सरकारला प्रतिवादी करणार असाल तर दोन महिने आधी नोटीस लागते. वकील हमखास चुकतात ते इथं: दाव्यात लिहितात, 'सात वर्षं झाली, सबब ५ डिसेंबर १९७१ रोजी मृत्यू घोषित करावा'. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे की या गृहीतकातून फक्त 'आता मृत' एवढंच निघतं, तारीख निघत नाही. तारीख हवी तर ती वेगळ्या पुराव्यानं सिद्ध करावी लागते. तो पुरावा म्हणजे फौजेचा आदेश आणि चौकशीचा निष्कर्ष. म्हणून म्हटलं, फौज आधी.

आणि तारखेवर घराचे हिस्से अवलंबून आहेत. नाना १९७१ मध्ये गेले असं ठरलं तर तेव्हाचे वारस चार: आई, तुम्ही, भाऊ आणि आजी. हो, मुलाच्या मिळकतीत आईचा हिस्सा पहिल्या वर्गातला. प्रत्येकी पाव. आजीचा पाव १९८८ मध्ये काका, आत्या आणि नानांची शाखा म्हणजे तुम्ही दोघं, असा तीन ठिकाणी गेला. म्हणजे काका आणि आत्यांचा मिळून घराचा सहावा भाग होतो. मृत्यूची तारीख दावा दाखल केल्याच्या सुमाराची धरली तर आजी आणि आई दोघीही आधीच गेलेल्या, घर तुम्हा भावंडांत निम्मं-निम्मं. कोणी सुचवेल की मग पीपीओ दाखवूच नका. दाखवा. तो सरकारी कागद आहे, उद्या चुलत भावंडांपैकी कोणाच्याही हाती लागेल. काका-आत्यांना हिस्सा नको असेल तर त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कत्याग घ्या. हवा असेल तर तो त्यांचा आहे.

भावाला दाव्यात प्रतिवादी करावं लागेल. समन्स पोस्टानं हातात पडण्याआधी ते तुमच्या तोंडून त्याला कळू द्या. त्याच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर असं की हे गृहीतक आहे, माणूस समोर आला तर त्याच क्षणी खोटं ठरतं. पण त्याचा प्रश्न कायद्याचा नाही. दीड वर्षाच्या मुलाला आठवण नसते, त्याच्याकडे वाट पाहणं एवढंच असतं, आणि तुम्ही तेच काढून घेताय असं त्याला वाटतं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांत हेच आढळलं होतं. एकाच घरात एक जण सुतकात, दुसरा दाराशी, आणि दोघं एकमेकांवर रागावलेले. दोघांचं मत एक करायच्या भानगडीत पडू नका. 'तू वाट पाहा, मी कागद करते' एवढ्यावर घर चालतं. झोप उडाली असेल, किंवा आईवरचा राग मधेच उसळत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर बोला, मोफत आहे.

आता तिथी, आणि इथं उत्तर इतकं सुबक आहे की आम्हीही पंचांग पुन्हा पडताळलं. महिना माहीत आहे पण तिथी नाही, अशा वेळी त्या महिन्याची अमावास्या धरतात. पश्चिमेकडचं युद्ध ३ डिसेंबरला पेटलं आणि १७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजता थांबलं. मराठी पंचांगात हा मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा ते अमावास्या, अख्खा वद्य पक्ष. मार्गशीर्ष अमावास्या घ्या. मात्र गुरुजी हिंदी पंचांग पाहणारे असतील तर त्यांच्या लेखी हाच पंधरवडा पौष कृष्ण आहे. 'मार्गशीर्ष' एवढंच सांगितलंत तर ते एक महिना आधीची अमावास्या काढतील. पितृपक्षात शस्त्रानं गेलेल्यांसाठी घातचतुर्दशी असते, भाद्रपद वद्य चतुर्दशी. नानांचं तेव्हा करा.

पण श्राद्धाआधी अंत्यविधी हवा, आणि तो झालेला नाही. बारा वर्षं खबर नसलेल्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० पानांचा देह रचतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. हे ग्वाल्हेरात होतं. लांबच्या तीर्थावर तीन दिवसांचं पॅकेज घ्यायलाच हवं असं नाही. भावाला यातली एक गोष्ट जरूर सांगा. हा विधी झाल्यावर माणूस परत आला तर काय करायचं, तेही शास्त्रानं लिहून ठेवलंय: त्याला तुपानं स्नान घालायचं आणि जातकर्मापासून (जन्माच्या वेळच्या संस्कारापासून) सगळे संस्कार पुन्हा करायचे, बायकोशी लग्नसुद्धा. ज्यांनी विधी सांगितला त्यांनी दार लावून घेतलं नव्हतं.

आईचं वर्षश्राद्ध तिच्या स्वतःच्या फाल्गुनातल्या तिथीला, त्यात वादच नाही. अविधवा नवमीचा प्रश्न फक्त पितृपक्षापुरता. कागद म्हणतील ती १९७१ पासून विधवा होती, कुंकू म्हणेल नव्हती. यात कोर्टाचा हुकूम आणू नका. ती ज्या रूपात गेली त्या रूपात नवमीला सवाष्ण जेवू घाला. काकांना पटत नसेल तर सर्वपित्रीला दोघांचं एकत्र करा, त्या दिवशी कोणी काही विचारत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्यागचक्राच्या भिंतींवर, नानांचं नाव आहे का तेही शोधा. 'बेपत्ता'चा शेरा कागदोपत्री बदलला नसेल तर राहून गेलेलं असू शकतं. त्याचाही अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फतच.

या सगळ्यात एकच काम खोळंबून चालणार नाही. '१९७१ नंतर पत्र नाही, निरोप नाही, कोणी भेटलं नाही' हे सांगू शकणारे, नानांना मोठेपणी ओळखणारे काका ८३ वर्षांचे आहेत. त्यांचं शपथपत्र या आठवड्यात नोटरी करून घ्या. दावा दाखल झाला की त्याच दिवशी वकिलाकडून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ खाली अर्ज द्यायला लावा, म्हणजे साक्षीची पाळी येईपर्यंत न थांबता त्यांची साक्ष आधी नोंदवून घेता येते. जाताना सातही पत्रं सोबत न्या. शिक्के तुम्ही वाचाल, आतली नावं आणि टोपणनावं कोणाची, ते बहुधा आता त्यांनाच सांगता येईल.